चार सऱ्या ऊस

आमच्या वरकुट्यात तेव्हा बाईमाणसाच्या पोटालाही वेळ पाळावी लागायची. उजाडायच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावर. मधल्या वेळी हातात टमरेल दिसलं की पारावरची तोंडं वळायची. माझ्या पोटाला हे कोण सांगणार? ते घडीघडीला उठवायचं, वर रक्त पडायचं. आईनं आधी दृष्ट काढली, मग लिंबं उतरवली, मग कुणीतरी सांगितलं म्हणून डाळिंबाच्या साली उकळून पाजल्या. शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या आतड्याला जखमा आहेत, औषधानं दबेल, पण ही जन्माची सोबत आहे. कसली मेली सोबत! मी तेव्हा बारावीलाही पोचले नव्हते.

माझा सगळा भरवसा घरामागच्या उसावर. आत शिरलं की आपण जगाला दिसत नाही. पाचटानं हातपाय कापायचे, खाज सुटायची, सापाची भीती वेगळीच. पण अब्रू झाकली जायची. बारावीच्या वर्षी जानेवारीत कारखान्याची तोड आली आणि टोळीनं बघता बघता रान मोकळं केलं. घरात सगळे खूश, ऊस वेळेवर गेला म्हणून. मी मागच्या दारात उभी राहून ते उघडं रान बघत रडत होते. मग मीच एक उपाय काढला, खायचंच नाही. पोटात काही नसलं की जायला नको. मार्चपर्यंत अंगात जीव राहिला नाही. इंदापूरच्या केंद्रावर दुसऱ्याच पेपरला मी बाकावर आडवी झाले. नापास.

"अजून एक डाव बस," आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे वडील. "न्हाय जमलं तर मग लगीन उरकू."

मला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. लग्न म्हणजे परकं घर, परकं रान, आणि तिथंही हेच पोट. नुसत्या विचारानं घाम फुटायचा.

पुढच्या वर्षी तोड पुन्हा जानेवारीतच आली. कोयते मागच्या दाराजवळ आले तसे आबा आडवे आले.

"ह्या चार सऱ्या ऱ्हाऊ द्या."

"कशापायी?" टोळीच्या मुकादमानं विचारलं.

"बेण्याला."

मुकादम हसला, टोळीतल्या बायका हसल्या. हसणारच की. लावणीसाठी बेणं कोवळं लागतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. हा तर खोडव्याचा, तोडलेल्या बुडख्यांतून परत फुटलेला ऊस, वर तुरा आलेला. शेजारचे तात्या येता-जाता बांधावरून विचारायचे, "आबा, बेणं काय म्हणतंय? पार म्हातारं झालं की!" आबा तंबाखू मळत "बघू, बघू" म्हणायचे. मलाही लाज वाटायची. एवढा जाणता शेतकरी आणि त्याला ही अवदसा कुठून आठवली?

पण आडोसा मिळाला होता. मी परत जेवायला लागले. मऊ भात, गोळ्या, पुस्तक. एक धडा संपेपर्यंत कितीदा पुस्तक उपडं घालून उसात पळायचं, परत येऊन तीच ओळ शोधायची. कंटाळा यायचा बाई. आता लोक म्हणतात, काय जिद्द होती! कसली जिद्द? मला नुसता थकवा आठवतो. आबांशी ह्या दुखण्याबद्दल कधी अवाक्षर झालं नव्हतं. बापाशी असलं कोण बोलतं?

मार्चमध्ये पहिल्याच पेपरला वर्गावरच्या बाईंना सांगून टाकलं, "मला मधेच जावं लागतं, रक्त पडतं." त्यांनी गुमान दाराजवळचा बाक दिला. एवढंच होतं, पण आदल्या वर्षी तोंड उघडलं नव्हतं.

शेवटचा पेपर देऊन एसटीनं घरी आले, तर आबा मागच्या दारात बसलेले. हातात कोयता. समोर ऊस वाळून पिवळा पडलेला.

"झालं समदं?"

"झालं."

"मग आता तोडू का गं?"

मी बघतच राहिले. म्हणजे ह्या माणसाला सगळं ठाऊक होतं. बेणं-बिणं काही नव्हतं. गावाचं हसू अंगावर घेऊन त्यांनी माझ्यापुरता आडोसा राखला होता. मला रडू फुटलं, आणि का कोण जाणे, रागही आला.

"पेपर संपलेत, आबा. दुखणं कुठं संपलंय?"

त्यांच्यापुढं हे पहिल्यांदाच बोलले. आबांनी मान खाली घातली, उठले, कोयता वळचणीला खोचला आणि गोठ्याकडं गेले.

त्या वर्षी मी पास झाले, पुढं मास्तरीणही झाले. पोट आहे तसंच आहे. पण ते सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागून टिकावाचा आवाज आला. आबा त्या सऱ्यांच्या कडेला खड्डा खणत होते. तात्या बांधावर हजर होतेच.

"आबा, आता हे काय काढलंय?"

आबांनी टिकाव खाली ठेवला आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं, "संडास. माझ्या लेकीला लागतोय."