दोन पायांचं स्टँड

बंगळूरच्या के. आर. पुरममधल्या बाजारामागचा सायकलवाला गिऱ्हाइकाशी बोलत नाही, सायकलशी बोलतो. मी दोन पायांचं जड स्टँड मागितलं, तर मला म्हाताऱ्याला सोडून माझ्या सायकलीला म्हणाला, "अज्जांना सांग, साइड स्टँड पुरे. हे चढवायला कंबर लागते."

"घरचं तांदळाचं पोतं मीच आणतो," मी म्हणालो. "साइड स्टँडवर सायकल कलंडते. बसव."

त्याने बसवलं आणि स्वतःच कॅरियरवर जाऊन बसला. प्रत्येक स्टँड तो असंच तपासतो. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "सरी, ठीक आहे, चढवा."

मी त्याच्यासकट सायकल स्टँडवर चढवली. कंबरेत कळ आली, ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. तो उतरला आणि गुपचूप स्टँडच्या सांध्यात तेल सोडू लागला.

"गंजासाठी सोड," मी म्हणालो. "माझ्यासाठी नको."