मुठीचा डबा

ठराव माझ्या अक्षरात आहे, हे आधीच सांगून टाकतो. प्रयागबाईंबद्दल आमच्या वस्तीतला कुणी शिकलेला माणूस उद्या लिहील, तेव्हा त्यांची थोरवी गाईल आणि हा ठराव तेवढा सोयीने विसरेल.

उत्तर नागपुरात, कोराडीच्या रस्त्याला लागून आमची वस्ती आहे. प्रयागबाई तिथे विड्या वळायच्या. मूळच्या उमरेडकडच्या एका खेड्यातल्या. बाराव्या वर्षी लग्न झालं. नवरा धोंडबा याच्याकडे गावकीच्या कामाची पाळी असे, आणि त्या कामाचा मोबदला म्हणजे घरोघरच्या उरलेल्या भाकरी. त्या मागायला संध्याकाळी टोपली घेऊन प्रयागबाई जायच्या. दारापासून सात पावलांवर उभं राहायचं आणि हाक द्यायची. सात म्हणजे सात. एकदा सहाव्या पावलावर थांबल्या, तर आतून पाणी फेकलं गेलं. हे त्यांनी मला तांदूळ निवडता निवडता सांगितलं होतं, आवाज न चढवता.

पुढे दोघं नागपूरला आले. धोंडबा मिलमध्ये लागला. छप्पन्न साली दोघांनी दीक्षा घेतली. मैदानावरून घरी आल्यावर प्रयागबाईंनी गावाहून आणलेली ती टोपली मोडून चुलीत घातली आणि तिच्यावर भात शिजवला.

दोन वर्षांनी वस्तीतल्या माणसांनी खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी दोन खोल्यांचं वसतिगृह बांधलं. माती त्यांनीच तुडवली, टिनाचं छप्पर त्यांनीच चढवलं. मग प्रश्न आला, पोरं जेवतील काय? मिलमधले, रिक्षा ओढणारे, विड्या वळणाऱ्या बाया, कुणाच्या हातात काय उरणार होतं? तेव्हा प्रयागबाईंनी मुठीची रीत घातली. रोज चुलीवर धान्य चढवण्याआधी एक मूठ गाडग्यात काढून ठेवायची. रविवारी सकाळी प्रयागबाई डालड्याचा मोठा डबा घेऊन घरोघर फिरायच्या आणि गाडगी रिकामी करायच्या.

नियम एकच होता आणि त्यात त्या कुणाचं ऐकत नसत. मूठ म्हणजे मूठच. मिलमधल्या एका जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा बापाने हौसेने पायलीभर तांदूळ डब्यात ओतले. प्रयागबाईंनी तिथेच उकिडवं बसून एक मूठ ठेवली आणि बाकीचे त्याच्या बायकोच्या पदरात परत घातले.

आणखी एक गोष्ट होती. ती मला फार उशिरा कळली आणि माझ्या बरोबरीच्या शिकलेल्यांना तर आजही माहीत नाही. गाडगं पाहिलं की त्या घरात आठवड्यात किती दिवस चूल पेटली नाही, हे प्रयागबाईंना समजायचं. अशा दारात त्या काही बोलत नसत. डबा आत न्यायच्या, बाहेर आणायच्या. बाहेर आणताना तो थोडा हलका झालेला असे.

मी एकाहत्तर साली त्या वसतिगृहात आलो. सहा वर्षं ती मूठ खाल्ली. ज्वारी, तांदूळ, कधी कण्या, सगळं एकात एक. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि सत्त्याहत्तर साली कोराडीच्या वीज केंद्रात लागलो. प्रयागबाईंना आम्ही सगळी मुलं माय म्हणत होतो. त्यांचा स्वतःचा मुलगा मनोहर मात्र बँकेत अधिकारी झाल्यापासून त्यांना आई म्हणू लागला होता. वस्तीही त्याला मन्याचा मनोहरराव करून मोकळी झाली होती.

ऐंशी साली वसतिगृहाची समिती आम्हा पगारदारांच्या हातात आली. म्हाताऱ्यांनी ती आनंदाने दिली. आम्ही रबरी शिक्का केला, पाटी रंगवली, ठरावाचं पुस्तक आणलं. मनोहरराव अध्यक्ष झाले. माझं अक्षर चांगलं, म्हणून मी सचिव. स्वयंपाकघराच्या कुलपाची चावीसुद्धा माझ्याकडे आली. त्याआधी बावीस वर्षं तिथे कुलूप नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी बँकेतले दोन सहकारी मनोहररावांकडे चहाला आले. त्याच वेळी समोरच्या दारात प्रयागबाई डबा घेऊन उभ्या होत्या. पाहुण्यांपैकी एकाने सहज विचारलं, ही बाई काय मागतेय? मनोहररावांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोने, कौसल्याने, सांगितलं. ते म्हणाले होते, आहे वस्तीतली कुणीतरी.

आठ दिवसांत सभा भरली. मनोहरराव चांगलं बोलतात. आपण मागणं सोडलं ते कायमचं, दारोदार डबा फिरवणं म्हणजे तीच जुनी भाकर पुन्हा मागणं, आपली पोरं भिकेवर शिकतात असं जगाने म्हणावं का, असं ते बोलले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सेकंड शिफ्टहून जागून आलो होतो, असलं कारण सांगणार नाही. मला खरोखर पटलं होतं. कोराडीच्या कँटीनमध्ये कुणी विचारलं की वसतिगृहात खर्च कोण करायचं, तर मीही मोघम बोलत असे.

मी लिहिलं: घरोघरी फिरून धान्य गोळा करण्याची प्रथा समाजाच्या स्वाभिमानास शोभणारी नसल्यामुळे आजपासून बंद करण्यात येत आहे. त्याऐवजी दरमहा रोख वर्गणी घेण्यात येईल. ड्रॉइंगच्या तासाला शिकलो होतो तशा सरळ ओळीत लिहिलं.

प्रयागबाई मागे बायांमध्ये बसल्या होत्या. उठून म्हणाल्या, "मनोहर, मागनं काय असते, तुले माहीत हाय का?"

मनोहरराव म्हणाले, आई, आता नियमाने चालायचं आहे.

त्या खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी समितीचा माणूस डबा जमा करायला गेला, तेव्हा डबा माह्या घरचा हाय, एवढंच बोलल्या.

महिना दहा रुपयांच्या त्या वर्गणीचं काय झालं? जे देऊ शकत होते त्यांची नावं पाटीवर आली. ज्यांची आली नाहीत, ती माणसं त्या पाटीवरून जायची बंद झाली. मूठ सगळ्यांची सारखी होती. दहा रुपये सारखे नव्हते. रिक्षावाला नत्थू बावीस वर्षं मूठ देत आला होता, तो आता वसतिगृहासमोरून जाताना मान वळवू लागला. आणि आम्ही पगारदार? पहिले तीन महिने दिले. मग कुणाचं मनीषनगरकडे प्लॉटचं चाललं होतं, कुणाचं स्कूटरचं. दिवाळीनंतर मनोहररावांनी स्वयंपाकघर तात्पुरतं बंद करायला सांगितलं. मुलांनी खानावळीत जेवावं, असं ठरलं. कुलूप मी लावलं.

मुलं अकरा होती. त्यातली सहा जानेवारीपर्यंत गावी निघून गेली. सभेत नोंद झाली, सहा विद्यार्थी स्वेच्छेने गेले. स्वेच्छेने हा शब्दही माझाच. त्या शब्दाची आजही चीड येते. कुणी उपाशी पोटी भूमितीचं पुस्तक गुंडाळून एसटीत बसतो, त्याला आम्ही स्वेच्छा म्हणालो.

मार्चमध्ये केंद्रावर राखेच्या पाण्याचा एक पंप बंद पडला, म्हणून मी खाली गेलो. ठेकेदाराची माणसं नालीतली राख उपसत होती. एकजण डोक्यापासून पायापर्यंत करडा झालेला, फक्त डोळे तेवढे ओले. त्याने मला पाहिलं, फावडं टेकवलं आणि म्हणाला, "जयभीम, साहेब."

तो देवाजी होता. सहातला एक. गणितात माझ्यापेक्षा हुशार. मी विचारलं, गावी गेला होतास ना? तो म्हणाला की गावी तरी काय होतं. मग विचारलं, परीक्षा? तो हसला आणि पुन्हा उपसू लागला. मी पंपाची मोटर तपासली, फ्यूज बदलला, वर आलो. माझे हात नीट काम करत होते. याचाच मला जास्त संताप आला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी वस्तीत गेलो, तर वसतिगृहाच्या पायरीवर प्रयागबाई बसलेल्या. पुढे डबा. त्या कुणाच्या दारी गेल्या नव्हत्या. बाया स्वतःच येत होत्या, पदराखाली गाडगी घेऊन. ठराव झाल्यावरही एकीनेही मूठ काढायची थांबवली नव्हती. चुलीपाशी बसलं की हात आपोआप गाडग्याकडे जायचा. न्यायला कुणी येईना, म्हणून काहींनी गाडगं भरल्यावर दुसरं मांडलं होतं. जिजाबाईच्या धान्याला सोंडे लागले होते. ती ते पाखडून घेऊन आली होती. नत्थूची बायको तुळसाबाई दोन गाडगी आणून म्हणाली, "घे वं माय, आमच्या पाटीवरच्या नावाचं."

बाया हसल्या. मला पाहून हसणं थांबलं.

कुणीतरी मनोहररावांना सांगितलं असावं. ते इस्त्रीच्या शर्टात तरातरा आले. घरी चल म्हणाले, लोक पाहताहेत म्हणाले. प्रयागबाई जागच्या हलल्या नाहीत.

"पाहू दे," त्या म्हणाल्या. "भाकर मागत होती तवाई लोक पाहत होते. मी सात पावलांवर उभी राहून मागली हाय, मनोहर. मागनं मले शिकवू नको. हे मागनं नोहे. हे देनं हाय, अन् तुले देनाऱ्याची लाज वाटून राहिली."

मनोहररावांनी आवाज खाली आणला. "माय, माही इज्जत काहून घालवून राहिली तू?"

कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून माय निघालं होतं. क्षणभर प्रयागबाईंचा चेहरा हलला. पण त्या म्हणाल्या, "त्या दिवशी पाहुन्याले सांगतलं, वस्तीतली कोनीतरी हाय. खरंच सांगतलं तू. वस्तीतलीच हाव मी."

कौसल्याने ते त्यांना कधी सांगितलं होतं, माहीत नाही. मनोहरराव तिथून सरळ निघून गेले.

मग प्रयागबाई माझ्याकडे वळल्या. "चाबी तुह्याजवळ हाय ना गा, ताराचंद?"

आणि मी काय बोललो? राखेतला देवाजी पाहून आलेला मी म्हणालो की ठराव झालेला आहे, तो सभेतच रद्द करावा लागेल. हे शब्द मी बोललो. बायांसमोर बोललो.

"ठराव कोनं लिवला?"

"मीच लिहिला, माय."

"तं तूच खोड."

मी चावी काढली. चार महिन्यांत कुलूप गंजलं होतं, फिरेना. बाया बघत होत्या, कुणी मदतीला आली नाही. मी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर घालून कडी उचकटली. मग कपाटातून ठरावाचं पुस्तक आणलं, पट्टी ठेवून त्या पानावर तिरपी रेघ मारली आणि खाली सही केली. समितीत मला याचा जाब विचारला गेला. मी राजीनामा दिला नाही, मनोहररावांनी दिला.

त्या दिवशी भात शिजला. जेवायला पाच मुलं होती. सहा पानं कमी होती आणि ती का कमी आहेत, हे वाढणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. देवाजीला मी दोनदा बोलवायला गेलो. दुसऱ्या वेळी ठेकेदार त्याला चंद्रपूरकडे घेऊन गेला होता.

मनोहररावांनी मनीषनगरकडे घर बांधलं. ते वाईट माणूस नाहीत. आईला न्यायला तीनदा आले, एकदा टॅक्सी घेऊन. प्रयागबाई गेल्या नाहीत. कौसल्या मात्र महिन्यातून एकदा बस बदलत येते, पिशवीत गाडगं असतं.

कुलूप तोडल्याच्या पुढच्या रविवारी मीही काही घेऊन गेलो होतो. इतवारीच्या बाजारातून चांगल्या चिन्नोर तांदळाचं अर्धं पोतं, रिक्षात घालून. पायरीशी उतरवलं. मनातून मला वाटत होतं, आता फिटलं.

प्रयागबाईंनी पोत्याची सुतळी सोडली, हात घातला, एक मूठ डब्यात टाकली. सुतळी पुन्हा बांधली.

"हे ने वापस."

मी म्हणालो, माय, मुलांसाठीच आणलं आहे.

"तुह्या घरी चूल पेटते ना रोज?"

"पेटते."

"मंग?"

रिक्षावाला नत्थूच होता. त्याने पोतं पुन्हा रिक्षात चढवलं आणि मला कोराडीच्या बसपर्यंत सोडलं. भाड्याचे पैसे त्याने घेतले, वरचे सुटे मोजून परत दिले. त्या पोत्यातले तांदूळ आम्हाला क्वार्टरमध्ये चार महिने पुरले. माझी बायको भागीरथा आजही रोज शिजवण्याआधी एक मूठ काढते. मी घरी असलो की मी काढतो. रविवारी गाडगं मांडीवर घेऊन मी वस्तीच्या बसमध्ये बसतो. प्रयागबाई ते हातात घेतात, आत पाहतात, किती दिवस चुकले ते त्यांना कळतं.