भाऊजी पास्कल बसवतात

माझ्या भाऊजींइतका कानावर विसंबून जगणारा माणूस अख्ख्या विदर्भात झाला नसेल. नागपूरजवळच्या एका वीज केंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये त्यांची पंचवीस वर्षं गेली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते आतल्या बेअरिंगची तब्येत सांगत, आणि ती खरी निघे. घरीही तोच उद्योग. मिक्सर, स्कूटर, शेजाऱ्यांचा फ्रिज, कोणीच सुटलं नाही. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी तिथल्या टेबलफॅनला स्क्रूड्रायव्हर लावला आणि मला म्हणाले, "बेअरिंग गेलं हाये, पण माणसं चांगली हायेत." लग्न ठरलं. पंखा महिन्याभरात बंद पडला.

पुढे त्या गोंगाटानं त्यांचे कानच गेले. धंतोलीच्या डॉक्टरांनी हॉल सोडायला सांगितला. आता एक तर स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसायचं, नाही तर नवीन कॉम्प्युटर विभागात जायचं. पण तिथे कॉम्प्युटरची एखादी भाषा येते हे साहेबांना दाखवावं लागणार होतं. स्टोअरचं नाव काढलं की भाऊजींना जेवण जाईना. शेवटी पुतण्यानं परदेशातून छोटा कॉम्प्युटर आणि पास्कल नावाच्या भाषेची कॅसेट पाठवली. कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावायची, तिची किरकिर वायरीतून कॉम्प्युटरनं ऐकायची आणि टीव्हीवर अक्षरं उमटली की भाषा बसली. काम वीस मिनिटांचं. भाऊजींना महिना लागला. रोज मेन स्विचवर 'काम चालू आहे, हात लावू नये' अशी लाल पाटी लटके आणि माझी ताई मिक्सर सोडून पाट्यावर चटणी वाटे. भाऊजी आवाज पार नऊवर नेत. कॉलनीतली कुत्री भुंकत, आणि विसाव्या मिनिटाला टीव्हीवर चूक उमटे. कॅसेटला दोष देऊन झाला, टीव्हीला देऊन झाला. विजेला देता येईना, ती ते स्वतःच बनवत होते.

पुतण्याचं पत्र आलं: आवाज फार मोठा झाला की कॉम्प्युटर चुकतो, चारवर ठेवा. मी चारवर ठेवला.

"बंद पडलं," भाऊजी म्हणाले.

"चालू आहे भाऊजी."

"आवाजच नाही, त भाषा जाऊन कशी राहिली गा?" त्यांनी रेकॉर्डरला स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला. मग त्यांचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. त्यांनी आवाज पुन्हा नऊवर नेला आणि तोही दिवस वाया गेला.

सोमवारी साहेबांसमोर बसायचं होतं. रविवारी सकाळी ताई पदराला हात पुसत आली, रेकॉर्डरजवळ बसली आणि आवाजाच्या बटनावर हात ठेवून त्यांच्या कानाशी म्हणाली, "चारच राहीन. मी आयकतो."

भाऊजी दर मिनिटाला विचारत, "वाजून राहिलं का वं?"

"वाजून राहिलं."

त्या किरकिरीनं ताईचं डोकं उठलं, पण ती वीस मिनिटं हलली नाही. पास्कल बसली. तिचं पुस्तक महिनाभरात पाठ झालंच होतं, भाऊजींना जागाही मिळाली.

त्या विभागात धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम होता. मी एकदा भेटायला गेलो, तर भाऊजी खुर्ची सोडून एका कोपऱ्यात अनवाणी उभे. भिंतीपलीकडे टर्बाइन हॉल होता.

"इथे काय करताय?" मी कानाशी जाऊन विचारलं.

त्यांनी पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. "दोन नंबर मस्त चालून राहिली."

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. थोड्या वेळानं माझ्याही तळव्यांना बारीक थरथर जाणवली.