चौथ्या पेपरशी छत्तीसचा आकडा

“मला चाळीस पुरेत; एक्केचाळिसावा मार्क ज्याला हवा त्याने खुशाल न्यावा,” असं ती एकदा म्हणाली होती.

चाळीस म्हणजे पास. रसायनशास्त्राच्या पदवीचे बाकीचे पेपर तिने एकेक करून, दाढ उपटावी तसे काढले होते. उरला होता चौथा, असेंद्रिय रसायनशास्त्राचा. पहिल्या वेळी त्यात तिला एकोणतीस पडले, दुसऱ्या वेळी तेहतीस. तिसरी वेळ शेवटची. ती हुकली की नाव कापलं जाणार होतं आणि पुन्हा शिकायचं तर पहिल्या वर्षापासून. तिला शेहेचाळिसावं वर्ष लागलं होतं.

ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान धुते. बावीस वर्षं झाली. शिकणारी मुलं तिला मावशी म्हणतात, शिकवणारे मावशी म्हणतात आणि तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला स्टोअरकीपरही मावशीच म्हणतो. “तुमच्या आईला एवढी धाकटी बहीण कधी झाली हो?” असं ती त्याला विचारते. तो दर वेळी हसतो आणि दर वेळी मावशीच म्हणतो.

धुण्याची तिची पद्धत ठरलेली आहे. आधी नळाचं पाणी, मग साबण आणि ब्रश, पुन्हा नळ, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. मग परीक्षानळी उजेडाकडे धरायची. काचेला थेंब चिकटून राहिले तर नळी मळकी. पाणी एकसारखं पसरून निघून गेलं तर स्वच्छ. हे तिला कुणी शिकवलं नाही. हेही कुणी शिकवलं नाही, की धुण्याआधी नळीच्या बुडाशी काय बसलंय ते बघावं. जांभळट राखाडी साका म्हणजे चांदीचं क्लोराइड. तांबूस तपकिरी म्हणजे लोह. काळपट तपकिरी, बोट लावलं तर मऊ, म्हणजे मँगनीज. प्रॅक्टिकलची बेल झाली की रडकुंडीला आलेलं कुणीतरी नळी घेऊन सिंकपाशी येतंच. “मावशी, यात काय असेल हो? सर वह्या गोळा करतायत.” ती नळी तिरकी करून बघते आणि सांगते. तिने सांगितलेलं चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

बारा वर्षांपूर्वी विभागाचे सर भर वर्गात म्हणाले होते, “मला काय विचारता? मावशींना विचारा. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.” सगळा वर्ग हसला. ती दाराशी बाटल्यांचा ट्रे घेऊन उभी होती. ती हसली नाही. तिने ते वाक्य एखाद्या दाखल्यासारखं घडी घालून आत ठेवलं आणि चार दिवसांनी बाहेरून पदवी करण्याचा अर्ज आणला. बाहेरून बसणाऱ्यांना प्रॅक्टिकल द्यावं लागे, पण प्रयोगशाळेत दहा वर्षं नोकरी झालेल्यांना त्यातून सूट होती. सूट मिळावी असं पत्र सरांनी उभ्याउभ्याच लिहून दिलं. “तुमचं प्रॅक्टिकल कोण घेणार, मावशी?” ते म्हणाले. त्यांच्या मनात खरोखरच आदर होता.

आता दोन महिन्यांनी लॅब असिस्टंट निवृत्त होणार होते. त्या जागेला पदवी लागते. “पदवी आणा, खुर्ची तुमची,” सरांनी सांगून ठेवलं होतं. खुर्चीपेक्षा तिला एक वेगळीच गोष्ट हवी होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. कुणाच्या तरी आयुष्यात उरलेलं धुण्यासाठी आपला जन्म झालेला नाही, असं एका छापील कागदाने तिला सांगायला हवं होतं.

निकाल सकाळी साडेदहाला लागला. स्टोअररूममध्ये, स्टोअरकीपरच्या फोनवर.

“नंबर सांगा.”

तिने सांगितला. तो अंगठ्याने फोनची स्क्रीन खालून वर सरकवत राहिला.

“छत्तीस,” तो म्हणाला. आणि मग जिभेला सवय म्हणून, मनात वाईट काही नसताना, म्हणाला, “म्हणजे मावशी, तुमचा आणि या पेपरचा छत्तीसचा आकडाच निघाला की!”

बोलून गेल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं. “तसं नाही हो. चार मार्कांनी म्हणजे... चार म्हणजे काहीच नाही.”

“काहीच नाही तर ते दिले का नाहीत?” ती म्हणाली.

त्या दिवशी तिने धुतलेलंच पुन्हा धुतलं. रॅकच्या रॅक. तीन आणि सहा तिला प्रत्येक नळीवर दिसत होते, एकाच घरात राहून एकमेकांकडे पाठ करून बसलेले. भिंतीवर नवं वेळापत्रक लावायला आलेल्या एका पोरीने विचारलं, “मावशी, पेढे कधी?” तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या लग्नात,” आणि नळ मोठा सोडला. नळाच्या आवाजात माणूस काय करतो ते कुणाला कळत नाही.

उत्तरपत्रिकेची नक्कल मागवता येत होती. मार्कांचा फेरविचार व्हावा असा अर्जही करता येत होता, पण त्यावर विभागाच्या सरांची सही लागे: ‘उत्तर पुनर्विचारास योग्य वाटते.’ मुदत आठ दिवसांची. पाचव्या दिवशी नक्कल हातात आली. घरी नवरा सुट्टीवर होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो, बोटांना कायम ग्रीस. त्याने हात दोनदा धुतले आणि मगच पानांना हात लावला.

“अगं, हे बघ, सातवं पान. चार मार्कांचा प्रश्न आणि सगळ्यावर आडवी रेघ. शून्य.”

प्रश्न साधा होता. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचं द्रावण मिसळल्यावर तळाशी जो साका बसतो त्याचा रंग सांगा आणि त्यावरून निष्कर्ष काढा. तिने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: जांभळट राखाडी. पुढची दीड पानं त्या रंगावर उभी होती.

“पुस्तकात काय दिलंय?” नवऱ्याने विचारलं.

“पांढरा.”

“मग?”

“मग काय? चुकीचं छापलंय. अहो, बावीस वर्षं मी त्या नळ्या धुतेय. एकदा तरी पांढरा दिसायला नको?”

त्याने पुस्तक उघडून पाहिलं, मिटलं. तिच्यावर त्याचा विश्वास होता. विश्वास नसता तर एक वेळ बरं झालं असतं. “छापणाऱ्याचं काय जातंय,” तो म्हणाला. “आमच्या लिफ्टच्या पुस्तकात लिहिलंय, दार आपोआप उघडतं. ये म्हणावं एकदा बघायला. तू जा, सरांना दाखव. चारच हवेत ना? बरोब्बर चार आहेत इथे.”

बरोब्बर चार. त्या चार मार्कांनी तिला त्या दिवशी जेवू दिलं नाही. जिवाचं रान करून बारा वर्षं चाललेली वाट एका रंगाच्या नावाशी येऊन थांबली होती. तिला भीती नापास होण्याची नव्हती, ती तर झालीच होती. भीती अशी, की आणखी चौदा वर्षं, हात चिरेपर्यंत, ती त्याच सिंकपाशी उभी असेल, खुर्चीवर तेवीस वर्षांची कुणीतरी बसलेली असेल आणि ती पोर प्रेमाने हाक मारेल, मावशी. त्या प्रेमाला उत्तर नसतं. एखाद्याने हिडीसफिडीस केलं तर भांडता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ती सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. प्रॅक्टिकल संपलं होतं. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं.

“बसा, मावशी.”

ती बसली. बावीस वर्षांत त्या खुर्चीवर ती दुसऱ्यांदा बसत होती. फॉर्म आणि सातव्या पानावर उघडलेली नक्कल तिने पुढे सरकवली. सरांनी पेनाचं टोपण काढलं, वाचायला लागले आणि त्यांचं पेन हवेतच राहिलं.

“जांभळट राखाडी?”

“हो, सर. पुस्तकात चुकलंय. तपासणाऱ्यांनी पुस्तक बघून काट मारली असणार. तुम्ही सही करा, बाकीचं मी बघते.”

सर उठले, खिडकीकडच्या ओट्यापाशी गेले. तिनेच सकाळी धुऊन ठेवलेली एक नळी घेतली. एका बाटलीतून थोडं ओतलं, दुसरीतून ड्रॉपरने दोन थेंब.

नळीत पांढरं झालं.

आधी धुरासारखं, मग नासलेल्या दुधासारखं गुठळ्यागुठळ्यांनी खाली बसलं. इतकं पांढरं, की ती न बोलावता उठून जवळ गेली. तिने नळी सरांच्या हातून घेतली, नेहमीसारखी तिरकी करून पाहिली. या नळीत जणू कुणी जन्माला आलं होतं आणि ती पहिल्यांदाच वेळेवर पोचली होती.

“तुम्ही हे कधी पाहिलं नव्हतं?” सरांनी विचारलं. आवाज हळू होता.

“प्रॅक्टिकल चालू असताना मी मागच्या खोलीत असते ना, सर. पाणी भरायचं, बाटल्या भरायच्या. बेल झाली की येते.”

“आणि तोपर्यंत तास होतो.”

“दीड.”

“उजेडाने रंग बदलतो हा. खिडकीशी तर फारच लवकर.” सर टेबलाकडे आले, पानं उलटू लागले. नववं पान. अकरावं. “लोह: तपकिरी. हे आधी हिरवं असतं, मावशी. हवा लागून तपकिरी होतं. मँगनीज: तपकिरी. हेही आधी पांढरटच.” त्यांनी पानं खाली ठेवली. “तुम्ही सगळीकडे सिंकमधलं लिहिलंय.”

खाली रस्त्यावर एक ट्रक मागे येत होता; त्याची पिपाणी वाजत राहिली.

“पण मी लिहिलंय ते खोटं नाही ना, सर?”

“खोटं नाही.”

“बावीस वर्षं पाहिलंय ते.”

“माहीत आहे. पण प्रश्न नंतरचा नव्हता. घडतं त्या क्षणाचा होता.”

ती खुर्चीवर बसली. पुस्तक बरोबर होतं, तपासणारा बरोबर होता, तिचे दोन्ही वेळचे एकोणतीस आणि तेहतीस बरोबर होते. चुकीचे होते ते तिचे डोळे, ज्यांच्या जिवावर ती या सगळ्यात उतरली होती. मुलं सिंकपाशी नळी आणत तेव्हा ती बरोबर सांगत असे, कारण तीही तेव्हा उशीर झालेलीच नळी असे.

सरांनी कपाळ चोळलं. “प्रॅक्टिकलची सूट मी दिली,” ते म्हणाले. “एक वर्ष जरी तुम्हाला ओट्यापाशी उभं केलं असतं तर...” नंतर म्हणाले, “सही मला करता येणार नाही, मावशी. उत्तर योग्य आहे असं मी कसं लिहू? आणि लिहिलं तरी वर कुणी मार्क वाढवणार नाही.”

“एक-दोन तरी?”

“रंगच चुकला की पुढचं सगळं जातं.”

“मग मी आता काय करू, सर?” तिने हे असं विचारलं, जसं कुणी रस्ता विचारतं.

“पहिल्या वर्षापासून नाव घाला. या वेळी प्रॅक्टिकलसकट. मी स्वतः...” ते थांबले. तिचं वय त्यांना माहीत होतं. असिस्टंटची जागा दोन महिन्यांत भरली जाईल हेही माहीत होतं. “आणि तुमची नोकरी तर आहेच. तिला कुणी हात लावणार नाही. तुमच्याशिवाय हा विभाग चालतो कुठे?”

तिने मान हलवली. ती नळीकडे बघत होती. खिडकीतून येणारं तीनचं ऊन ओट्यावर सरळ पडलं होतं आणि पांढऱ्यात कुठेतरी, कडेला, जांभळी छटा धरू लागली होती. आता इथून पुढचं सगळं तिला तोंडपाठ होतं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना काहीतरी बोलायला हवं होतं. घड्याळाकडे पाहत, मोकळेपणाने बोलल्यासारखं ते म्हणाले, “बरं, मावशी, जाताना तेवढी नळी धुऊन...”

आणि त्यांनी जीभ चावली. “नाही, राहू दे. राहू दे. मी धुतो.”

ती उठली. तिने पदराने हात पुसले, ओले नसताना. फॉर्म टेबलावर होता, सातवं पान होतं, नळी होती. त्यातलं काहीच तिने उचललं नाही. सर उभे राहिले, “मावशी,” म्हणाले, मग आयुष्यात पहिल्यांदाच तिला दुसरी काही हाक मारावी म्हणून शब्द शोधू लागले. तो सापडायच्या आत ती दार लोटून बाहेर पडली.