दोनाने चुकलेली उत्तरं

तुमच्या मामाच्या मुलाला चौथीतून एकदम सहावीत घालणार होते, त्याचं पुढे काय झालं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मामा अर्धंच सांगेल, म्हणून मी, तुमची आजी, क्रमाने लिहिते.

त्या रविवारी पाच वाजता शाळेच्या मुख्याध्यापिका आमच्या धायरीच्या घरी येणार होत्या. मुलाला घरी एकदा बघायचं आणि मग निर्णय घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. फॉर्म भरून तयार होता, फक्त त्यांची सही राहिली होती.

यात पहिला दोष माझा. पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्धा, दीड अशा अपूर्णांकांचे जुने पाढे मी त्याला शिकवले. त्याने आठ दिवसांत पाठ केले आणि मी ते येईल त्याच्यापुढे म्हणायला लावले. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसापुढेसुद्धा. तुमची मामी तेव्हा म्हणाली होती, "आई, त्यांना सिलिंडर तरी खाली ठेवू द्या, मग कार्यक्रम सुरू करा."

चार वाजताच आम्ही सगळे आवरून बसलो होतो. वेळ जाईना, म्हणून मामाने टीव्ही लावला. एका विनोदी मालिकेचा भाग चालू होता. त्यातल्या हुशार मुलाला घरचे लोक सतत पाहुण्यांपुढे उभं करतात. तो कंटाळतो आणि सगळं विसरल्याचं सोंग घेतो. मग डॉक्टर येतात, मांत्रिक येतो, काकू काढे पाजते. मामाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. मीही हसले. आमचा नातू मात्र हसत नव्हता. गणित समजून घेताना बसतो तसा तो पुढे सरकून बसला होता.

"बाबा, त्या मुलाला शेवटी पकडतात कसे?"

"कोणी पकडत नाही रे. त्यालाच हसू फुटतं."

"म्हणजे हसायचं नाही," तो स्वतःशीच म्हणाला. हे कशासाठी, असं मी विचारणार होते. पण तेवढ्यात बेल वाजली.

मुख्याध्यापिकांनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "सात आठे?"

"अठ्ठावन्न."

"घाबरलाय जरा," मामा म्हणाला.

"असू दे. नऊ साते?"

"पासष्ट."

"तेरा सक?"

"ऐंशी."

मामी पोह्यांची बशी हातात घेऊन दारातच थांबली. मामाचा आवाज चढला. "मॅडम, त्याला सोळाची दिडकी विचारा. झोपेतून उठवलं तरी सांगतो तो."

"सव्वीस," मुलगा म्हणाला. चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रत्येक उत्तरात त्याने दोन मिळवले होते. ज्याला खरंच येत नाही, तो कधी एकाने चुकतो, कधी दहाने. याची चूकसुद्धा नीटनेटकी होती.

मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. "आजी, पाढे आपणच घेता ना? खरं सांगा, येतात याला?"

मुलगा माझ्याकडे पाहत होता. नाही म्हटलं असतं तर तो त्या दिवसापुरता सुटला असता, पण दुसऱ्या दिवसापासून वर्गातही त्याला दोनाने चुकत राहावं लागलं असतं.

"येतात," मी म्हणाले. "प्रत्येक उत्तरातून दोन वजा करून बघा."

त्यांनी मनातल्या मनात ताडून पाहिलं. मग त्यांनी त्याला विचारलं, "का रे असं केलंस?"

"सहावीतली मुलं मला खेळायला घेणार नाहीत. चौथीत मी विकेटकीपर आहे."

"विकेटकीपर," मामा म्हणाला. "एवढ्यासाठी?"

"त्याच्यासाठी ते एवढंसं नाहीये," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांनी सहीची जागा कोरीच ठेवून तो फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला. मामा त्यांना खाली गेटपर्यंत सोडायला गेला, तो अर्ध्या तासाने वर आला. त्या रात्री तो माझ्याशी बोलला नाही.

मुलगा चौथीतच राहिला. पण माझ्याजवळ पाढे म्हणायला तो आता बसत नाही. परवा मी कारण विचारलं.

"तू सांगितलंस त्यांना," तो म्हणाला.

"हो, सांगितलं."

तो दाराशी थांबला. मी आणखी काही समजावीन असं त्याला वाटलं असावं. मी समजावलं नाही. मग तो सायकलची किल्ली घेऊन खाली गेला.