डावीची एकुलती एक कसोटी

तिला सगळे डावी म्हणायचे. डाव्या हातानं फिरकी टाकायची म्हणून संघातल्या मुलींनी ठेवलेलं नाव. पुढे सासरीही तेच चिकटलं. बायकांच्या कसोटी सामन्याची तिनं कित्येक वर्षं वाट पाहिली. मर्यादित षटकांचे सामने व्हायचे, पण त्यात तिच्या हाती चेंडू यायचा तो धावा रोखायला. फिरकीवाल्याचे खरे दिवस येतात ते कसोटीच्या शेवटाला, खेळपट्टीला भेगा पडल्यावर.

अखेर एकदाचा चार दिवसांचा सामना ठरला. सकाळी नाणं उडालं. कप्तानबाई छापा म्हणाल्या, काटा पडला. त्या मान खाली घालून परत येताना दिसल्या तेव्हाच मुली काय ते समजल्या. समोरच्यांनी फलंदाजी घेतली होती.

"डावी, तुलाच ओढावं लागणार गं," कप्तानबाई म्हणाल्या.

तिनं ओढलं. पहिला अख्खा दिवस आणि दुसऱ्याचा बराचसा. खेळपट्टी फरशीसारखी गुळगुळीत. टप्पा पडला की चेंडू सरळ बॅटवर जाऊन बसायचा. बोटाचं साल निघालं. बळी मिळाला एक, तोही समोरची कंटाळून उचलून मारायला गेली म्हणून. चौथ्या दिवशी त्यांच्या फिरकीवालीनं, तीही डावरीच, त्याच टोकाकडून चेंडू हातभर वळवला आणि बघता बघता डावीचा संघ गुंडाळला. शेवटी बाद झाली ती डावी. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या मुलीचा फोटो होता.

त्यानंतर बरीच वर्षं बायकांची कसोटी झालीच नाही. झाली तेव्हा डावीचा गुडघा कामातून गेला होता, आणि ती चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासायला लागली होती. दिवसभर चाकाची घरघर, हातावर गार पाण्याचे शिंतोडे. संध्याकाळी घरी आलं की अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करायचं. त्यांना कूस बदलून द्यायची, भरवायचं, चादर बदलायची.

पाहुणे आले की नवरा हौसेनं सांगायचा, "टॉस जिंकला असता ना, तर आज स्टेडियमवर हिचं नाव असतं!" सांगायचा प्रेमानंच. सुरुवातीला तिला बरं वाटायचं. पुढे पुढे 'टॉस' शब्द कानावर पडला की ती चहाच्या निमित्तानं आत जायची आणि पाहुण्यांचा विषय बदलेपर्यंत ओट्याशी उभी राहायची.

एके दिवशी कप्तानबाईंचा फोन आला. मुलींच्या चार दिवसांच्या सामन्यांत नाणेफेकच बंद करायची, आधी फलंदाजी की गोलंदाजी ते पाहुण्या संघानंच ठरवायचं, अशी सूचना संघटनेपुढे होती. जुन्या खेळाडूंचं मत हवं होतं.

"तू बोलच. टॉसनं तुझ्याइतकं कुणाचं वाटोळं केलंय?"

"ताई, मला नाही हो त्राण."

"माझ्यासाठी ये."

ती गेली. क्लबाच्या वरच्या मजल्यावर पंखा कुरकुरत होता. संघटनेचे चिटणीस म्हणाले, "बोला बाई, टॉस ठेवायचा की काढायचा?"

डावी बसूनच बोलली. गुडघ्यामुळे उठणं जिवावर यायचं. "काढा. पहिल्या दिवशी मी टाकलं, चौथ्या दिवशी त्या मुलीनं. उलटं झालं असतं तर माझा फोटो आला असता आणि ती बिचारी कुठंतरी काचा घासत बसली असती. त्यात तरी काय न्याय? दहा सामने असते तर कधी नाणं तिचं, कधी माझं. आम्हाला मिळाला एक. टॉस काढा, पण मुलींना सामने जास्त द्या."

चिटणिसांनी मान डोलावली. टॉस निघाला, वर्षभरासाठी, करून बघू म्हणून. सामना मात्र वर्षाला एकच राहिला.

जिना उतरताना कप्तानबाईंनी तिचा दंड धरला. "डावी, छापा मी म्हटलं होतं. काटा म्हणायला हवं होतं. तू एका शब्दानं कधी बोलली नाहीस."

"तुमच्यावर कशाला चिडू? पडलं ते पडलं." एक पायरी उतरून ती थांबली. "त्या टॉसचं ओझं तुम्ही अजून वागवताय होय? टाका ना खाली. मला तर आता रागवायचाही कंटाळा येतो."

कप्तानबाईंचे डोळे भरून आले. डावीला तेही बघवेना. तिनं त्यांचा हात थोपटला आणि कठडा धरून पुढची पायरी उतरली.

टॉस न करता झालेल्या पहिल्या सामन्याच्या शेवटच्या दिवशी डावीनं रजा घेतली. नणंदेला सासूबाईंपाशी बसवलं. ती आणि कप्तानबाई मैदानाकडेच्या सावलीतल्या बाकावर बसल्या. जेवणानंतर एका लहानखुऱ्या फिरकीवालीच्या हाती चेंडू आला, आणि पहिलाच चेंडू धूळ उडवत झर्रकन वळला.

"बघ, बघ, वळला!" कप्तानबाई म्हणाल्या.

डावीला मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवून गाढ झोप लागली होती. कप्तानबाईंनी तिला उठवलं नाही. सावली ढळून तिच्या तोंडावर येणारं ऊन अडवायला त्या जरा सरकून बसल्या.