विजयमालेचा हवापालट

विजयमालेच्या पोटात अन्न ठरत नाही, ही गोष्ट सगळ्या शुक्रवार पेठेला ठाऊक होती, कारण तिच्या सासूनेच ती घरोघर पोचवली होती. सासू बजाबाई विधवा होती, तोंडाने फटकळ, आणि घरात नातू नाही म्हणून सदा घायकुतीला आलेली. जेवता जेवता सून तोंडाला पदर लावून मोरीकडे धावली की हिचे डोळे लकाकायचे. दुसऱ्या दिवशी शेजारणींना हळूच बातमी द्यायची आणि महिना उलटला की त्याच शेजारणींपुढे कपाळ बडवून घ्यायचं, हा तिचा क्रम. लग्नाला सात वर्षं झाली. अंगारे झाले, दृष्टी काढून झाल्या, वैद्याची कडूजहर चाटणं झाली. सून मात्र वाळत चालली होती.

बाई, तुला मळमळतं ते नेमकं कशानं, असं एकानेही तिला विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती बोलली नसती. तिचं दुखणं नवऱ्याच्या ताटात होतं, आणि ते बोलायची कुणा बाईची छाती नव्हती.

तिचा नवरा मानसिंग कापडाचा दुकानदार. दुकानात बघावं तर माणूस कसा नेटका! इस्त्रीचा कोट, मिशीला तेल, गिऱ्हाइकाशी बोलणं मऊ. घरी पाटावर बसला की मात्र सगळा नेटकेपणा कोटाबरोबर खुंटीला लागायचा. तोंडात घास असताना बोलायचं. मटणाची नळी चोखून चोखून पुन्हा ताटात टाकायची. चावलेला घास नको झाला की तो बोटाने काढून भाकरीशेजारी ठेवायचा. मिशीतून रस्सा ताटात गळतोय, त्याची शुद्ध नाही. शेवटी सगळं आटोपलं की त्याच ताटात बोटं धुवायची आणि मोठ्याने ढेकर देऊन उठायचं. गोठ्यातली म्हैस याच्यापेक्षा बरी जेवत होती.

आणि ते ताट न धुता त्यातच विजयमालेने जेवायचं, अशी त्या घराची रीत. नवऱ्याच्या उष्ट्यावर जेवते ती लक्ष्मी, असं बजाबाई येताजाता सांगायची. मग ही लक्ष्मी ते गढूळ पाणी वाटीत निथळायची, चोखलेली हाडं कडेला सारायची, थुंकीने बुळबुळीत झालेल्या जागेवर आपली भाकरी ठेवायची आणि डोळे मिटून घास घ्यायची. घास घशाखाली जायच्या आत पोटात ढवळून यायचं. वळसंगला माहेरी तिची आईही बापाच्या ताटात जेवायची. पण बाप, रावजी, ताट असं निपटून उठायचा की त्यात तोंड दिसावं. तेव्हा ही रीत इतकी घाण असते हे तिला सोलापुरात येऊनच कळलं.

त्या साली संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठली आणि विजयमाला अंथरुणाला खिळली. मग मात्र पेठेतल्या डॉक्टरला बोलावलं. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सांगितलं, "कोरड्या हवेत न्या. डोंगरावर. हवापालट करा."

आता सोलापूरच्या माणसाला कोरडी हवा खायला बाहेर जा म्हणणं म्हणजे कमालच! पण मानसिंगला ते फार पटलं. त्याच्याच ओळीतला एक दुकानदार बायकोला घेऊन पाचगणीला जाऊन आला होता आणि तिथल्या हॉटेलाच्या गप्पा मारून त्याने साऱ्या बाजाराचं डोकं उठवलं होतं. पाचगणी लांब पडली. पण वैरागच्या पुढे, डोंगराच्या माथ्यावर, एका पारशाने एका साहेबाच्या जुन्या बंगल्यात हॉटेल काढलं होतं. मानसिंगने तिथे जायचं ठरवलं आणि जायच्या आधीच चार जणांना सांगूनही टाकलं.

बजाबाईने ट्रंकेत एक पितळी ताट घातलं.

"हाटेलातल्या बश्या कुनाकुनाच्या उष्ट्या असत्यात," ती नाक मुरडून म्हणाली. "त्यात न्हाई जेवायचं. हे न्या."

दोघांसाठी एकच ताट. लोकांच्या उष्ट्याची बाईला एवढी शिसारी, पण मुलाचं उष्टं सुनेच्या नरड्यात कोंबताना तिला काही वाटत नव्हतं. विजयमालेने ते ताट पाहिलं आणि तिला तिथेच उमासा आला. हवा बदलेल, पण ताट संगतीला येतंच आहे, एवढं तिला कळलं.

सर्व्हिस मोटारीने वैराग आणि तिथून छकड्याने डोंगर. वरती झाड म्हणून नव्हतं. निवडुंग, काळे दगड, वाळलेली कुसळं, आणि दिवसभर घोंघावणारा वारा. पाणी खालच्या झऱ्यावरून रेड्याच्या पाठीवर पखालीने यायचं. असल्या माळावर लोक मुद्दाम येऊन राहतात याचं विजयमालेला नवल वाटलं. बंगला मात्र झाडून पुसून लख्ख होता. पलंगावर पांढऱ्याशुभ्र चादरी होत्या.

दुपारी जेवणाची घंटा झाली. विजयमाला ट्रंक उघडायला लागली, तसा मानसिंग दबक्या आवाजात खेकसला, "ऱ्हाऊ दे त्ये. लोकांत हसं करतीस का माजं?"

जेवणघरात लांब टेबल होतं. समोर पुण्याचे एक पेन्शनर मामलेदार आणि त्यांच्या बाई बसल्या होत्या. दोघं बरोबर जेवत होती, एकमेकांना लोणचं देत होती. खानसाम्याने मानसिंगपुढे चिनी मातीचं एक ताट ठेवलं आणि विजयमालेपुढे दुसरं. पांढरं, कोरडं, स्वच्छ. ती नवऱ्याकडे बघत राहिली. मामलेदारीणबाई म्हणाल्या, "जेवा की हो, गार होतंय." मामलेदारांसमोर मानसिंग काय बोलणार! त्याने मान हलवली. तिने पदर सावरला आणि भीत भीत भात कालवला.

त्या दिवशी ती पोटभर जेवली आणि अन्न पोटात राहिलं. रात्रीही राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने मागून घेऊन पोळी खाल्ली. भूक लागते म्हणजे काय, हे ती जवळजवळ विसरली होती. सकाळी उठून ती दगडांवर जाऊन बसायची आणि जेवणाच्या घंटेची वाट बघायची. गालांवर रंग आला. मानसिंग तर हवेवर लट्टू झाला. "बगितलंस? हवा लागली तुला! डाक्टर हुशार हाय की," असं म्हणून तो छाती भरभरून वारा आत ओढायचा. तिला बोलावंसं वाटायचं, पण ती गप्प राहायची. हे दिवस कुणी ओढून घेतील अशी तिला धास्ती होती.

पण जेवता जेवता तिच्या दुसरंच काही ध्यानात येऊ लागलं. मामलेदारांपुढे मानसिंग तोंड मिटून जेवत होता. हाड बशीच्या कडेला हलकेच ठेवत होता. मिशी रुमालाने टिपत होता. ढेकर आली तर तोंडावर हात धरत होता. बोटं धुवायला उठून बाहेर जात होता. म्हणजे या माणसाला नीट जेवता येत होतं! सात वर्षं तिला वाटायचं, बिचाऱ्याला वळण नाही, त्याला काय कळतं. त्याला सगळं कळत होतं. परक्यांना किळस येईल याची त्याला लाज होती. मागून त्या ताटात बसणारी काय, बायकोच. इतके दिवस तिला त्याच्या उष्ट्याची शिसारी होती. आता त्याचीच यायला लागली, अगदी त्याच्या तेल लावलेल्या मिशीसकट.

निघायच्या आदल्या दिवशी मामलेदार नवराबायको पुण्याला गेली. हॉटेलात ही दोघंच उरली. संध्याकाळी घंटा व्हायच्या आधीच मानसिंगने कोट काढून खुंटीला लावला आणि खानसाम्याला जेवण खोलीतच आणायला सांगितलं. स्वतः ट्रंक उघडून पितळी ताट काढलं.

"लई दिस सायबावानी जेवलो. जबडा आखडला," तो मांडी घालत म्हणाला. "आता कोन बगतंय? आज आपल्या रीतीनं जेवू."

आणि तो जेवला. चार दिवसांचं साचलेलं सगळं त्याने त्या एका जेवणात काढलं. नळ्या फोडल्या, शोषल्या, थुंकल्या. चोथा झालेलं मटण ओठांतून काढून भातावर ठेवलं. मग ताटात बोटं बुडवून धुतली, ओल्या हाताने मिशी पुसली आणि ताट तिच्याकडे सारलं.

"बस. जेव."

रश्श्याचं तेल त्या हात धुतलेल्या पाण्यावर तरंगत होतं. त्यात मिशीचा एक केस होता. विजयमाला उठली, धावत व्हरांड्यात गेली आणि कठड्यावरून खाली ओकली. दुपारचं सगळं पडलं.

मानसिंग मागे आला. "आत्ता गं! हवा बाधली का काय?"

"हवा न्हाई," ती धापा टाकत म्हणाली. "हवेनं बरी झाले न्हवते, आन् हवेनं आजारी न्हाई पडले. तुमच्या ताटाची किळस येतीया मला."

तो हसायला लागला. "ताटाची? आन् सात वरसं न्हाई आली ती?"

"सात वरसं रोज आली."

त्याचं हसू थांबलं. त्याला लाज वाटली असेल असं कुणी समजू नये. त्याला राग आला होता. "नवऱ्याच्या ताटाची किळस! आईम्होरं बोलून दाव हे. घरात ठिवती का वळसंगला लावून देती, बग मग." असं म्हणून तो आत गेला आणि पांढऱ्या चादरीवर आडवा झाला. विजयमाला उपाशीच निजली. बोललं तर घर जाणार होतं आणि न बोललं तर ते ताट जन्माचं गळ्यात पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती दोघं पेठेत पोचली. वाटेत तिने काही खाल्लं नव्हतं. बजाबाईने सुनेच्या गालावरून हात फिरवून हवेची तारीफ केली आणि मुलाला पाट मांडला. मानसिंग मुद्दाम सावकाश जेवला. मुद्दाम जास्त चोखलं, जास्त सांडलं. ताटात बोटं धुऊन उठताना म्हणाला, "आई, तुज्या सुनंला कायतरी बोलायचं हाय. ऐकून घे." आणि तो ओसरीवर पान जमवायला गेला.

बजाबाईने ताट सुनेपुढे ओढलं. "काय गं? काय बोलायचंय?"

विजयमालेला कालची धमकी आठवली. पण कालपासून पोट रिकामं होतं आणि समोरच्या घाणीचा वास नाकात जात होता. "आत्याबाई, मला ह्यांच्या उष्ट्याची किळस येतीया. त्यानंच उलट्या हुत्यात. पोराबाळाचं काय न्हाई त्यात. मी ह्यात जेवनार न्हाई."

आता भांडी फेकली जाणार, केस धरले जाणार, असं समजून ती अंग चोरून बसली. पण बजाबाईने दारातून ओसरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मलाबी यायची."

विजयमालेने मान वर केली.

"तुजा सासरा तंबाकूची गुळणी ताटात टाकायचा," बजाबाई म्हणाली. "रोज. त्यातच बसायची मी. ह्यो असाच वकत वकत पोटात वाढलाय." तिने ओसरीकडे हनुवटी केली. "त्ये गेलं, तवापासनं धुतल्या ताटात जेवते. खोटं कशाला सांगू, तवापासनं अन्न ग्वाड लागतंय मला."

एवढं बोलून तिने, जणू काही बोललीच नाही अशा हाताने, ताट आणखी थोडं पुढे सरकवलं. "जेव आता. सवय हुईल."

विजयमालेला पुन्हा ढवळून आलं, आणि या वेळी ते ताटामुळे नव्हतं. सासूचं तोंड, तो पुढे आलेला हात, आणि तिने गिळलेली सगळी वर्षं बघून आलं.

"म्हंजे मी काय करायचं, आत्याबाई?" ती म्हणाली. "ह्यांच्या मरनाची वाट बगत बसू का?"

बजाबाईचा हात मारायला वर गेला आणि वरच राहिला. विजयमालेने ताट उचललं. मोरीत नेलं, हाडं आणि चोथा खरकट्याच्या घमेल्यात उपडा केला आणि राखेने ताट घासायला घेतलं. घासण्याचा आवाज ओसरीपर्यंत जात होता.

"आई," मानसिंगने बाहेरून हाक दिली, "बसली का ती माज्या ताटात?"

विजयमाला थांबली नाही. वरून पाणी ओतून तिने ताट खळखळून धुतलं, पदराने पुसलं आणि आणून चुलीपुढे ठेवलं. बजाबाई त्या ताटाकडे बघत होती.

"बसली की," ती मोठ्याने म्हणाली, आणि टोपल्यातली भाकरी काढून तिने सुनेला वाढली.